तुम्ही विचारलंत म्हणून: जमिनीवरून उठण्याविषयी

आमच्या साताऱ्यातील भजनी मंडळात जवळजवळ दर एकादशीला मला कोणी ना कोणी एकच प्रश्न विचारते. "काकू, या वयात तुम्ही खाली मांडी घालून बसता हे एक वेळ समजू शकतो, पण कशालाही न धरता उठता कशा?" विचारणारी बहुधा माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान असते आणि खुर्चीवर बसलेली असते. आरती झाल्यानंतर हातात प्रसादाचा द्रोण घेऊन उभ्याउभ्या उत्तर द्यायला गेले की निम्मे सांगायचे राहते आणि उरलेले निम्मे विचारणारीच्या लक्षात राहत नाही, म्हणून या वेळी ते नीट लिहून काढत आहे.

२०११ साली पोस्टातील नोकरीतून निवृत्त होऊन मी या मंडळात आले, तेव्हा मंदिराच्या सभामंडपात दोनच खुर्च्या असत. एक पेटी वाजवणाऱ्या वयोवृद्ध गृहस्थांसाठी, कारण त्यांचे खुब्याचे हाड पूर्वी मोडलेले होते, आणि दुसरी कोणी पाहुणे आलेच तर असावी म्हणून. आज आमची हजेरी चाळिसाच्या आसपास असते आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या सव्वीस लागतात. पूर्वी भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरावी लागणारी सतरंजी आता अर्धी उलगडली तरी पुरते. या सव्वीसजणींपैकी खरोखर ज्यांना खाली बसणे वर्ज्य आहे अशा फार तर सात-आठ असतील. बाकीच्या खाली बसू शकतात, पण उठता येईल की नाही याची खात्री नसल्यामुळे त्या बसतच नाहीत.

प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तरात काहीतरी गुपित हवे असते, हे मला अनुभवाने कळले आहे. भिजवलेले मेथीदाणे, कोरफडीचा रस, कोमट पाण्यात लिंबू, अनशेपोटी लसणाची पाकळी, यांपैकी काहीही मी सांगितले असते तर दुसऱ्या दिवसापासून दहा घरांत ते सुरू झाले असते. मी "खुर्चीवरून उठा आणि बसा" असे सांगते, तेव्हा समोरचा चेहरा स्पष्टपणे पडतो.

आणखी एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. मी निरोगी नाही. माझे वय ७४ आहे, रक्तदाबाची गोळी १९ वर्षांपासून सुरू आहे, थायरॉईडची त्याही आधीपासून, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले आहेत आणि उजव्या गुडघ्याच्या एक्स-रेमध्ये हाडांमधली फट कमी झाल्याचे डॉक्टरांनी मला बोट ठेवून दाखवले आहे. म्हातारपणी तब्येत चांगली असणे म्हणजे एकही गोळी नसणे, असे मलाही पूर्वी वाटत असे. ते मत बदलले त्याला एक दुपार कारणीभूत आहे.

ती २०१७ सालची, गौरी-गणपतीच्या आदल्या आठवड्यातील दुपार होती. मी तेव्हा ६६ वर्षांची होते. यजमान एका लग्नासाठी कराडला गेले होते आणि पुरणयंत्र कुठे ठेवले आहे ते आठवत नसल्यामुळे मी स्वयंपाकघरात ओट्याच्या खालचे कपाट उपसायला जमिनीवर बसले. डबे, पातेली, शेवेचा सोऱ्या, जाळीची चाळणी असे सगळे बाहेर काढून झाल्यावर अगदी मागच्या कोपऱ्यात पुरणयंत्र सापडले. ते घेऊन उठायला गेले आणि मला उठताच येईना. पडले नव्हते, कुठे दुखत नव्हते, चक्करही आलेली नव्हती. मांड्या जमिनीपासून चार बोटे वर उचलल्या जात आणि पुन्हा खाली येत, एवढेच. ओट्याखालच्या ट्रॉलीची मूठ धरून उठावे म्हटले, तर ट्रॉलीच सरकन बाहेर आली. मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. शेवटी रांगत रांगत शयनगृहापर्यंत गेले, पलंगावर छाती टेकली आणि गादीच्या कडेला धरून कशीबशी उभी राहिले. या सगळ्यात पाऊण तास गेला. रडू आले नाही, पण स्वतःचा राग मात्र खूप आला, कारण त्याच दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे पाच किलोमीटर चालून आले होते.

ही गोष्ट मी चार दिवस कोणालाही सांगितली नाही. पाचव्या दिवशी यजमानांना सांगितली, तर ते शांतपणे म्हणाले, "मला तर दोन वर्षांपासून उठता येत नाही. म्हणून मी बसतच नाही." सत्यनारायणाच्या पूजेला त्यांनी खुर्ची का मागितली होती, नातवाशी सापशिडी खेळताना ते पलंगावर आणि तो जमिनीवर असे का बसत होते, ते मला त्या दिवशी कळले. एकेकाळी आपल्या घरांत जेवायला पाट, दळायला जाते, निवडायला सूप आणि शौचाला उकिडवे बसण्याचे भांडे होते, त्यामुळे माणूस दिवसातून पंचवीस-तीस वेळा जमिनीपर्यंत जाऊन वर येत असे आणि त्याला कोणी व्यायाम म्हणत नसे. डायनिंग टेबल, सोफा, उभ्याचा ओटा आणि कमोड आल्यावर हे सगळे थांबले. ते बरेचसे सोयीचेच झाले, आणि मीही कमोड काढून टाकणार नाही. परंतु जी ताकद न मागता मिळत होती ती आता मुद्दाम मिळवावी लागते, ही गोष्ट आमच्या पिढीला कोणी सांगितली नाही.

त्यानंतर मी गावातील एका तरुण फिजिओथेरपिस्टकडे गेले. माझ्या धाकट्या मुलीहूनही लहान असलेल्या त्या मुलीने मला बिनहाताच्या, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसवले, दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवायला सांगितले आणि अर्ध्या मिनिटात पूर्ण उभे राहून पुन्हा बसणे किती वेळा जमते ते मोजले. सात वेळा जमले. ६५ ते ६९ वयाच्या बाईला निदान ११ वेळा आणि त्याच वयाच्या पुरुषाला १२ वेळा जमले पाहिजे, त्याहून कमी असेल तर पडण्याचा धोका जास्त समजतात, असे तिने सांगितले. मी तिला माझ्या पाच किलोमीटरचा दाखला दिला. त्यावर तिने दिलेले उत्तर मी आजवर शेकडो जणींना ऐकवले आहे. ती म्हणाली, "काकू, चालताना तुम्ही स्वतःचं वजन पुढे नेता. वर कुठे उचलता?"

माझ्या बाबतीत ते तंतोतंत खरे होते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेल्या गावात रोजच्या फेरीसाठी सपाट रस्ता शोधून काढणे हेही एक कसबच आहे, आणि मी सदर बझारात ते साध्य केले होते. चालण्याने हृदय, फुफ्फुसे, रक्तातील साखर, झोप आणि मनःस्थिती या सगळ्यांना फायदा होतो, यात शंका नाही, आणि मी आजही चालते. परंतु सपाटीवर चालताना मांडीचे मोठे स्नायू आणि नितंबाचे स्नायू त्यांच्या पूर्ण ताकदीच्या जवळपासही जात नाहीत. वयाच्या तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. त्यातही झटकन आकुंचन पावणारे स्नायुतंतू आधी जातात, आणि ठेच लागल्यावर पाय पटकन पुढे टाकून तोल सावरण्याचे काम नेमके त्यांचेच असते. म्हणूनच रोज तासभर चालणारा माणूस एक दिवस मोरीच्या उंबऱ्याला अडखळतो आणि सावरू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली आहे, त्याशिवाय किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही सांगितले आहेत. आपल्याकडे यातला पहिला भाग सर्वांना तोंडपाठ असतो आणि उरलेल्या दोहोंचा पत्ता नसतो.

आता मी प्रत्यक्ष काय केले ते सांगते. त्या मुलीने सांगितलेले सूत्र सोपे होते: ज्या उंचीवरून हात न लावता उठता येते तिथून सुरुवात करायची आणि उंची हळूहळू कमी करत जमिनीपर्यंत यायचे. उंची मोजायला पट्टी लागली नाही, घरातील वस्तूच पुरल्या. पहिली पायरी म्हणजे जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणि तिच्यावर घडी घातलेल्या दोन गोधड्या. त्यानंतर एक गोधडी, मग नुसती खुर्ची, मग बुटके स्टूल, मग चौरंग, मग पाट, आणि शेवटी चटई. एक दिवसाआड आठ-आठ वेळा, मध्ये दोन मिनिटे थांबून दोनदा. खाली बसताना धपकन बसायचे नाही, मनात चार आकडे मोजत बसायचे, कारण शरीर सावकाश खाली नेणे हीदेखील मांड्यांसाठी मेहनतच असते आणि बहुतेक जण तीच सोडून देतात. शेवटच्या दोन-तीन वेळा "आता पुरे" असे वाटले पाहिजे. तसे वाटत नसेल तर उंची कमी करण्याची वेळ आली असे समजायचे.

खुर्चीपासून स्टुलापर्यंतचा प्रवास सात आठवड्यांत झाला आणि त्या यशाने मी जरा हुरळून गेले. तिसऱ्या महिन्यात एक दिवसाआडऐवजी रोज, आणि आठऐवजी पंधरा वेळा करायला लागले, तेव्हा उजवा गुडघा सुजला. त्या मुलीने रागावून दहा दिवस विश्रांती द्यायला लावली आणि एक नियम घालून दिला, तो मी अजून पाळते. व्यायामानंतर मांड्या दुसऱ्या दिवशी जड वाटल्या तर चालेल, पण सांध्यात दुखत असेल आणि दुसऱ्या दिवशीही ते दुखणे कमी झालेले नसेल, तर आपण मर्यादा ओलांडली आहे. झिजलेल्या गुडघ्याला हालचालीने आणखी झीज होते ही समजूत आमच्या मंडळात फार पक्की आहे, परंतु मांडीचा स्नायू भक्कम असेल तर गुडघ्यावरचा भार तो वाटून घेतो. माझा एक्स-रे सुधारलेला नाही आणि सुधारणारही नाही, पण जिना उतरताना होणारी कळ मात्र बरीच कमी झाली.

सर्वांत अवघड पायरी चौरंग आणि पाट यांच्यामधली निघाली. चौरंगाची उंची नऊ इंच आणि पाटाची दोन, आणि मधल्या सात इंचांत मी जवळजवळ दोन महिने अडकून पडले. शेवटी देवघरातले तीन पाट एकावर एक ठेवले, ते घसरू नयेत म्हणून मध्ये जुन्या योगा मॅटचे तुकडे घातले आणि दर पंधरा दिवसांनी एक पाट काढून घेतला. लग्नात मुलीला दिले नाहीत म्हणून मन खात असलेले ते पाट असे उपयोगी पडले. सप्टेंबरमध्ये सुरू केलेले हे काम पुढच्या मे महिन्यात चटईपर्यंत पोहोचले.

मांडी घातलेल्या स्थितीतून मी एकदम उभी राहते असे पाहणाऱ्यांना वाटते, पण तसे नाही. आधी एका कुशीकडे कलायचे, दोन्ही हात जमिनीवर टेकून गुडघ्यांवर यायचे, मग ज्या पायावर अधिक भरवसा आहे तो पुढे आणून पाऊल सपाट टेकायचे, दोन्ही हात त्याच मांडीवर ठेवायचे आणि श्वास सोडत वर यायचे. श्वास रोखून धरला तर रक्तदाब चढतो, म्हणून तो सोडणे महत्त्वाचे. "कशालाही न धरता" हे विशेषण त्यामुळे मला पूर्णपणे लागू पडत नाही. मी स्वतःच्या मांडीला धरते. ती घरी विसरून जाण्याची भीती नसते, एवढाच तिचा विशेष.

उठण्याच्या या क्षमतेचा आणि आयुष्यमानाचा संबंध ब्राझीलमधील डॉक्टरांनी तपासलेला आहे. ५१ ते ८० वयोगटातील २००२ जणांना त्यांनी जमिनीवर बसायला आणि उठायला लावले, बसण्याचे पाच आणि उठण्याचे पाच असे दहा गुण ठेवले, आणि हात, गुडघा किंवा कोपर टेकला की प्रत्येक वेळी एक गुण, तोल गेला तर अर्धा गुण कापला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, ज्यांना कमी गुण मिळाले त्यांच्यात पुढच्या काही वर्षांतील मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त होते. याचा अर्थ उठण्याचा सराव केला की माणूस अमुक वर्षे जास्त जगतो, असा काढू नये. उठता येणे ही शरीरातील ताकद, तोल आणि लवचिकता या तिन्हींची एकदम झालेली पाहणी आहे, असे मी समजते. मी मंडळात हे सांगितले तेव्हा दोघींनी लगेच स्पर्धा लावली आणि एकीची कंबर आठवडाभर धरून राहिली, त्यामुळे गुण मोजण्याचा खेळ तरी घरी एकटीने करू नये.

"आता या वयात स्नायू काय वाढणार?" हा यानंतरचा ठरलेला प्रश्न. मीही त्या मुलीला हेच विचारले होते. त्यावर तिने बोस्टनमधील एका प्रयोगाची हकिकत सांगितली. तो १९९० साली प्रसिद्ध झाला. वृद्धांच्या निवासी शुश्रूषागृहातील दहा जणांना, ज्यांचे वय ८६ ते ९६ होते, आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा चांगला जोरकस व्यायाम दिला गेला. नऊ जणांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, आणि दोघांची तर चालताना लागणारी काठी सुटली. त्यांच्यापुढे ६६ वर्षांची मी म्हणजे कॉलेजकुमारीच होते.

हे ऐकताना मला माझ्या वडिलांची आठवण झाली. ते याच जिल्ह्यातील औंधच्या शाळेत शिकले होते. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते, आणि संस्थानातील शाळांत नमस्कार सक्तीचे होते. लहानपणी लागलेली ती सवय वडिलांनी शेवटपर्यंत सोडली नाही. ऐंशीव्या वर्षीही ते रोज सकाळी बारा नमस्कार घालत, अर्थात सावकाश आणि मध्ये थांबत. मी त्याला धार्मिक नेम समजत होते. उभे राहण्यापासून जमिनीपर्यंत जाऊन पुन्हा उभे राहण्याचा तो बारा वेळा केलेला सराव होता, हे माझ्या डोक्यात शिरायला मला स्वतःला जमिनीवर अडकावे लागले. मनगटे दुखतात म्हणून मी नमस्कार घालू शकत नाही, हे मात्र कबूल केले पाहिजे.

व्यायामाने स्नायूंना मागणी केली तरी पुरवठा जेवणातूनच व्हायचा असतो, आणि आपल्या मराठी शाकाहारी म्हाताऱ्यांच्या ताटात नेमकी तिथेच खोट असते. पोस्टात आयुष्यभर हिशेब लिहिण्याची सवय असल्यामुळे मी तीन दिवस खाल्लेला प्रत्येक पदार्थ वहीत मांडला. सकाळी चहा आणि पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ आमटी, थोडा भात, रात्री "हलके असावे" म्हणून दूधभात किंवा मुगाची सैल खिचडी. प्रथिनांची बेरीज ३५ ग्रॅमच्या आसपास आली. माझे वजन ५४ किलो आहे. भारतीय प्रौढांसाठी किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज लागतात असे आपली राष्ट्रीय पोषण संस्था सांगते, आणि वयस्करांना १ ते १.२ ग्रॅम असावीत असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे. म्हणजे मला ५४ ते ६५ ग्रॅम हवी होती आणि मी त्याच्या निम्म्या ते दोन-तृतीयांशातच भागवत होते.

मी अंडे खात नाही. त्यामुळे आमटी पातळ करणे बंद केले, रोज एक वाटीभर उसळ ठेवली, रात्रीच्या दूधभाताच्या जागी आठवड्यातून तीन दिवस पिठले-भाकरी आणली, पोळीच्या पिठात किलोमागे १०० ग्रॅम सोयाबीनचे पीठ मिसळले आणि चार वाजताच्या चहाबरोबरच्या बिस्किटांना रजा देऊन फुटाणे व शेंगदाणे सुरू केले. एकादशीला साबुदाणा खाणे सोडले, यावर मंडळात कुजबुज झाली, पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी आणि दही घेतले तर उपवासही मोडत नाही आणि मांड्याही उपाशी राहत नाहीत. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी प्रथिने वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. आणि ज्यांना चावता येत नाही त्यांनी आधी दातांकडे पाहावे. कवळी सैल झाली म्हणून उसळ सोडून पेजेवर आलेल्या तीन जणी मला माहीत आहेत, आणि तिघींचेही दंड दोन वर्षांत उतरले.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगते, कारण त्या महत्त्वाच्या असल्या तरी एकदाच कराव्या लागतात. तळपायांना मुंग्या येत होत्या म्हणून बी-१२ तपासले, ते फारच कमी निघाले. शाकाहारी माणसांत आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हे वारंवार आढळते, आणि पायांची जाणीव बोथट झाली की तोल जाणारच. रक्तदाब झोपून आणि उभे राहून असा दोन्ही वेळा मोजून घ्यावा. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर गोळ्यांच्या मात्रेचा फेरविचार करावा लागतो. माझी लघवीची गोळी अशीच कमी झाली, आणि रात्री उठताना पलंगाच्या कडेला मिनिटभर बसण्याची सवय तेव्हापासून लागली. झोपेची गोळी घेणाऱ्यांनी ती खरोखर लागते का, हे डॉक्टरांना पुन्हा विचारावे. न्हाणीघरात धरायची दांडी बसवायची असेल तर ती भिंतीत पक्की रोवलेली हवी. टॉवेलची दांडी टॉवेलासाठीच असते, आणि तिला धरून उठणाऱ्या माणसाच्या हातात ती भिंतीसकट येते.

यापेक्षा अवघड गोष्ट म्हणजे घरच्यांचे प्रेम. माझी सून फार गुणी आहे, आणि मी वाकले की तिच्या काळजाचा ठोका चुकतो. "आई, तुम्ही बसा, मी देते" हे वाक्य दिवसातून वीस वेळा ऐकले, तर वीस वेळा उठण्याची संधी जाते. मी तिला एकदा समोर बसवून सांगितले की खालच्या कप्प्यातली भांडी मी काढीन, तुळशीला पाणी मी घालीन, देवघरातली पूजा खाली बसूनच करीन, आणि जड पिंप उचलणे, स्टुलावर चढून माळ्यावरचे काढणे या गोष्टी मात्र तू किंवा मुलाने करायच्या. अशी वाटणी झाल्यावर दोघींनाही बरे वाटले. एकट्या राहणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणींच्या मांड्या माझ्या वयाच्या लेकुरवाळ्या बायकांपेक्षा भक्कम आहेत, याचे कारण मला आता कळते, पण म्हणून एकटे राहावे असे मी म्हणणार नाही.

यजमानांचे काय झाले, हेही पुष्कळ जणी विचारतात. त्यांनी नुसती खुर्ची आणि बुटके स्टूल एवढाच पल्ला गाठला आणि तिथे ते थांबले. त्यांचे एक गुडघ्याचे ऑपरेशन झालेले आहे आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना जमिनीवर बसायला मनाई केली आहे. पण ते आता एसटीची उंच पहिली पायरी कंडक्टरचा हात न धरता चढतात. २०२२ सालापासून ७५ वर्षांवरील सर्वांना एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि या सवलतीचा ते अगदी पुरेपूर लाभ घेतात. मला पुढच्या वर्षी मिळेल. ज्यांच्या मणक्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत, ज्यांचा सांधा बदलला आहे, ज्यांना पक्षाघात होऊन गेला आहे, त्यांनी कुठवर खाली जायचे हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावे. खुर्चीवरून उठण्याचा सराव मात्र त्यांच्यापैकीही बहुतेकांना करता येतो.

गेल्या वर्षीपासून आम्ही दर गुरुवारी भजनानंतर वीस मिनिटे सभामंडपातच हे करतो. सुरुवात पडल्यानंतर उठण्यापासून होते, कारण पडण्याच्या भीतीनेच बायका हालचाल कमी करतात आणि हालचाल कमी झाली की पडतात. सतरंजीवर आडवे व्हायचे, आधी क्षणभर तसेच पडून राहून कुठे दुखते आहे का ते पाहायचे, मग कुशीवर वळायचे, हात-गुडघ्यांवर यायचे, रांगत जवळच्या खुर्चीपर्यंत जायचे, तिच्यावर हात टेकून एक पाय पुढे घ्यायचा आणि उठायचे. नऊवारी, पाचवारी आणि पंजाबी ड्रेस अशा सगळ्या पोशाखांतल्या अठरा जणी सभामंडपात रांगतात तेव्हा पुजारी दुसरीकडे पाहतात आणि आम्ही हसून हसून दमतो.

आमच्यातल्या सर्वांत मोठ्या मावशी ८१ वर्षांच्या आहेत. आल्या तेव्हा हात न लावता खुर्चीवरून त्यांना एकदाही उठता आले नव्हते. गोधड्यांच्या घड्यांपासून सुरुवात करून त्या अकरा महिन्यांत चौरंगापर्यंत पोहोचल्या. गेल्या एकादशीला त्यांचा नातू घरचा चौरंग काखोटीला मारून बरोबर आला आणि मावशींनी आपल्यासाठी मांडलेली खुर्ची परत पाठवली. दीड तास त्या चौरंगावर बसल्या. आरतीला उभे राहायची वेळ आली तेव्हा टाळ वाजवणाऱ्यांसकट सगळ्यांचे लक्ष त्यांच्याकडेच होते. त्यांनी पाऊल पुढे घेतले, मांडीवर हात ठेवले, एकदा मागे बसल्या, आणि दुसऱ्या खेपेला उठल्या. आरती झाल्यावर त्या नातवाला म्हणाल्या, "हा आता देवघरात नेऊन ठेव. पुढच्या वेळी पाट आण." आणि मग खुर्ची ओढून घेऊन तिच्यावर बसल्या, कारण त्यांच्या मते प्रसाद हा निवांत टेकूनच खायचा असतो.